लाभपंचमीला बसवलेलं कार्ड

२६ ऑक्टोबर, लाभपंचमी. सकाळी.
कॉम्प्युटरमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं. स्वतः. कॉम्प्युटरही मीच जोडलेला, शाळेतून रिटायर झाल्यावर एकेक पार्ट मागवून. विमानाचा गेम अडखळायचा. तापीवर आलं की विमान हवेतच उभं. मी इंग्रजीची शिक्षिका होते, पायलट नव्हे, पण बेशिस्त मला खपत नाही.
मुहूर्त वगैरे मी मानत नाही. पंचांगातली वेळ मला सोयीची होती, इतकंच. मोठ्या जाऊबाई पानीबाई खालच्या मजल्यावरून ताट घेऊन आल्या आणि मी नको म्हणेपर्यंत उघड्या कॅबिनेटवर कुंकू-अक्षता टाकून मोकळ्या.
बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले. स्क्रीन काळी.
नवीन वस्तूला वेळ लागतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
अजून लागतोय.
मयंकचा सुरतेहून फोन. म्हणाला, मम्मी, या वयात स्क्रूड्रायव्हर कशाला, इकडे ये, आराम कर. नवरा-बायको दोघंही मला घेऊन जायला टपलेत. शिखा तर दर फोनला विचारते, मम्मी, कधी येताय? आज सांगूनच टाकलं. पुढच्या रविवारपर्यंत चित्र आलं नाही, तर स्वतः बॅग भरून येईन. कायमची.
मयंकची बोलती बंद केली.

२७ ऑक्टोबर
काळी.
पानीबाई जन्माने मारवाडी, पण दुकानात नंदुरबारच्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून पार अहिराणी झाल्यात. जिन्यातूनच विचारलं, काय दिसनं का वो? मी म्हटलं, दिसनं नाही, दिसलं म्हणावं. बरं, म्हणाल्या, दिसलं का?
नाही.

२८ ऑक्टोबर
कार्डवाल्या कंपनीला मोबाइलवरून ईमेल केला. मुद्देसूद, कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी शिकवलं तसा. उत्तर आलं, 'काइंडली इन्शुअर मॉनिटर केबल इज कनेक्टेड टू कार्ड.'
इन्शुअर! वायरचा विमा उतरवू? एन्शुअर हवं. शिवाय कार्डच्या आधीचं 'द' कुठे गेलं? लाल अक्षरांत दुरुस्त करून परत पाठवलं. बाकी मजकूर लक्ष देण्यासारखा नव्हता.

२९ ऑक्टोबर
कंपनीचं उत्तर. 'डिअर सर.'
पत्रव्यवहार बंद.
दुपारी कार्ड काढून पाहिलं. खाचेत तांदळाचा दाणा! कुंकवासकट. पानीबाईंना वर बोलावून दाखवला. जराही लाज नाही. म्हणाल्या, मंग मशीन उपाशी ते नही ऱ्हायनं!
विणकामाच्या सुईने दाणा काढला, कार्ड पुन्हा बसवलं. दोष सापडला, विषय संपला. बटण दाबायची घाई केली नाही. आधी चहा घेतला.
चहानंतर: काळी.

३१ ऑक्टोबर
मॉनिटरची वायर हलवून बघावी असं क्षणभर वाटलं. मग विचार केला, ती बिचारी पहिल्या दिवसापासून आपल्या जागेवर घट्ट बसून आहे. ज्याने काही केलेलं नाही त्याला उठवणं माझ्या वर्गात चालत नसे.

१ नोव्हेंबर
पानीबाई संध्याकाळी वर आल्या. खुर्ची ओढून काळ्या स्क्रीनसमोर बसल्या. मीही बसले. बराच वेळ दोघी बघत होतो. मग म्हणाल्या, तू गयी ते मी कोनासंगे भांडू?
मी म्हटलं, अहो, अजून अख्खा रविवार आहे.
कोनासंगे नाही, कोणाशी. पण आज सोडून दिलं.

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.
काळी. शब्द म्हणजे शब्द. बॅग भरून दारात ठेवली. पानीबाई आज वर फिरकल्या नाहीत.
मयंकला फोन केला. म्हटलं, हरले. घ्यायला ये. तर म्हणतो कसा, कशालाही हात लावू नकोस, कार्डचं नाव काय ते पाठव, निघालोच! मागून शिखा ओरडत होती, अहो, आपला मॉनिटरपण टाका गाडीत! वायरी घ्या! सगळ्या घ्या!
मला न्यायला इतकी उतावीळ.

त्याच दिवशी, दुपारनंतर.
मयंक आला. दारातल्या बॅगेला वळसा घालून बुटांसकट थेट कॉम्प्युटरकडे. वायर जुन्या जागेवरून उपटली, कार्डच्या खाचेत खुपसली. चित्र आलं. लख्ख.
मयंकने देवाला करावा तसा स्क्रीनला नमस्कार केला. म्हणाला, मम्मी, तू जिंकलीस! आता कुठे जायची गरजच नाही. जेवायलाही थांबला नाही. आणलेला मॉनिटर आणि पिशवीभर वायरी इथेच ठेवून गेला. परत बंद पडलं तर असू दे म्हणाला. अर्ध्या रात्री फोन कर, येतो म्हणाला.
किती माया!
पानीबाई एकदम वर आल्या. म्हणाल्या, पोऱ्या भलता घाईत व्हता! आणि पदर तोंडाला लावून हसत बसल्या. हसण्यासारखं काय होतं ते विचारलं नाही.
शिखाचा मेसेज आलाय. 'मम्मी, अभिनंदन! आता तिथेच अगदी निवांत राहा.'
दोनदा वाचला. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला. एकही चूक नाही.