चौथं बटण

सांगली, मंगळवार, १० मार्च १९९८

भाऊजींनी परदेशातून आणलेली बटणांची पट्टी आज जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीत बसली. पहिलं बटण दाबलं की देवघराचे दिवे आणि भजन, दुसऱ्यानं पाहुण्यांसाठी झगमगाट आणि गाणी, तिसऱ्यानं सगळं बंद. आणि चौथ्यावर माझं नाव! ते दाबलं की गाणी थांबतात आणि स्वयंपाकघरातला दिवा उघडझाप करतो.

"आता घसा फोडायला नको," म्हणाल्या सासूबाई. अहो, हाक मारताना माझं नाव तरी घ्यावं लागायचं! आग लागो त्या चौथ्या बटणाला.

आमच्या जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत ते सहा वेळा दाबलं गेलं. सहाही वेळा मी धावले. का धावले?

शेवटी मीच भिंतीशी जाऊन ते दाबलं. गाणी थांबली. टेबलाशी बसलेल्या सासूबाई मान न वळवता म्हणाल्या, "कुणाला काय पायजे? येईल आता ती."

मी त्यांच्या मागेच उभी होते.