तिसरी पायरी

ती. आईस,

नमस्कार मागाहून, आधी हे वाच: मी सुखरूप आहे, पाय कोरडे आहेत, दोन्ही वेळा जेवते.

इथेही पूर आलाय. मदतीच्या फोनवर माझी ड्यूटी असते, म्हणजे तू म्हणायचीस तसा नुसत्या बडबडीचा पगार. पाण्यात अडकलेल्यांचे फोन येतात आणि मी सगळ्यांना एकच सांगते, "वर चढा, बोट निघाली आहे." काल एका आजींनाही तेच सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, आता वर नुसते पत्रेच उरलेत." आपण आधी फोन ठेवायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मी ठेवला नाही. बोट पोचायच्या आत त्यांचाच आवाज थांबला.

तिकडेही नदी चढलीय, असं बातम्यांत ऐकलं. परवापासून तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. बाबांचे गुडघे कसे आहेत? शेजारच्या काकू तुमच्याकडेच आल्यात ना?

पत्र पोचेल तोवर पाणी ओसरलेलं असेल, हे मलाही कळतं. तरी लिहिते. माळ्यावर चढताना शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नका, ती कुजली आहे. मागच्या सुट्टीत मी पाहिलं होतं. सांगायचं राहून गेलं.

तुझी,
बडबडी