तिसऱ्या बक्षिसाची कोंबडी

इलोइलो
१५ ऑक्टोबर १९६८

ती. लोलास,

इथूनच नातीचा नमस्कार, तुझा हात माझ्या कपाळाला. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. आठवडा संपायच्या आत माझं दुसरं पत्र आलं म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. तर आहे. पण कुणी मेलेलं नाही, कुणाला बाळ होणार नाही, तेव्हा आधी कॉफी पिऊन घे.

परवा रविवारी आम्ही चौघी, म्हणजे मी, तेसी, फ्लोरी आणि सल्वे, होडीने पलीकडे गिमारासला गेलो. तिथल्या एका वाडीची जत्रा होती आणि गाण्याची स्पर्धा होती. संध्याकाळी सहाच्या आत परत यायचं असं ठरलं होतं, देवाशपथ. पण दुपारनंतर वारा असा सुटला की होडीवाले होड्या ओढून पत्ते खेळत बसले. वाडीच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंनी आम्हाला आपल्या घरी झोपवलं. सकाळची पहिली होडी धरून धावत आलो तर कॉलेजात झेंडावंदन चाललेलं. सगळं कॉलेज सरळ रेषेत उभं, आणि आम्ही चौघी कालच्याच चुरगळलेल्या कपड्यांत फाटकातून आत. बरोबर एक जिवंत कोंबडी. आमच्यातल्या एकीला गाण्यात तिसरं बक्षीस मिळालं होतं. राष्ट्रगीत संपेपर्यंत ती कोंबडी ओरडत होती.

आता प्रिन्सिपॉल मिस पालमारेसनी फर्मान काढलंय. शुक्रवारपर्यंत प्रत्येकीने इंग्रजीत खुलाशाचं पत्र द्यायचं, त्यावर घरच्या मोठ्यांची सही हवी. खुलासा पटला नाही तर जूनपासूनच्या सराव-पाठांच्या यादीतून नाव बाद, म्हणजे वर्ष गेलंच. आईबाबांना दावावला कळवू नकोस गं. बाबा पहिल्या बोटीने येतील आणि मला मक्याच्या शेतात उभी करतील. माझा कच्चा मसुदा सोबत आहे. तू चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलंस, त्यात एखादं भारी वाक्य घाल, आणि सही करून बसवाल्याच्या हाती लगेच धाड.

राग शांत झाल्यावर उरेल तेवढा लोभ राहू दे.

तुझी लाडकी (अजून?)
नोएमी

---

मियागाओ
१६ ऑक्टोबर १९६८

चि. नोएमीस अनेक आशीर्वाद. पैकी निम्मे तूर्त राखून ठेवले आहेत. वि. वि.

कॉफी दोन कप प्यायले, तरी उपयोग झाला नाही. बाई माझे, तुला काय शिंगं फुटलीत का? मास्तरीण व्हायला निघालेली मुलगी कोंबडी घेऊन झेंडावंदनाला जाते! तुझ्या मसुद्यात बावीस चुका आहेत, त्या लाल पेन्सिलने दाखवून कागद परत पाठवतेय. वाऱ्याचं वर्णन सात ओळी केलंस. मिस पालमारेसना वाऱ्याशी काही कर्तव्य नाही. त्यांना एवढंच हवंय की मुलगी मूळची चांगली आहे.

त्यासाठी एक वाक्य देते. आय फेल इन विथ द राँग क्राउड. म्हणजे मी भलत्या टोळक्यात पडले, वाईट संगतीला लागले. आमच्या वेळच्या अमेरिकन बाईंना हे वाक्य फार आवडायचं. यात सोय अशी की कुणी आपण होऊन खड्ड्यात पडत नसतं, तेव्हा पडणारीची कीव येते. वापरताना पथ्य एकच. टोळक्यात कोण होतं ते लिहायचं नाही, नाव कुणाचंही घ्यायचं नाही. म्हणजे सभ्यपणाही राहतो. वाक्य शेवटून दुसरं घाल, शेवटचं माफीचं. कोऱ्या कागदावर खाली सही करून ठेवलीय. वर नीट अक्षरात उतरव.

दावावला कळवणार नाही. पण पुन्हा असलं ऐकलं तर मीच बस धरून येईन आणि तुमच्या घरमालकीण डोन्या सेपाच्या त्या खोलीत तुझ्या कॉटशेजारी मुक्काम ठोकेन, हे लक्षात ठेव. जेवण वेळेवर घेत जा. आमच्याकडे अंगणातला फणस या वर्षी रुसलाय.

प्रेम कमी झालेलं नाही, फक्त दिसू द्यायचं नाही असं ठरवलंय.

तुझी लोला
कोन्सोलासियोन

---

इलोइलो
२६ ऑक्टोबर १९६८

ती. लोलास,

तुझा हात माझ्या कपाळाला. वि. वि.

मी सुटले. यादीत नाव आहे. मिस पालमारेस म्हणाल्या की तुझं इंग्रजी सुधारलंय. ते ऐकून तुला हसू येईल म्हणून आधी लिहिलं. पुढचं ऐकून येणार नाही.

तुझं वाक्य आम्हाला इतकं आवडलं की तेसी आणि फ्लोरीनेही तेच उतरवून घेतलं. सल्वेलाही मी म्हटलं, घे, फुकट आहे. सल्वे म्हणजे ती आंतिकेच्या डोंगरातली, सरकारी विद्यावेतनावर शिकणारी. तिचे वडील दर हंगामाला नेग्रोसला ऊस तोडायला जातात. तिचं इंग्रजी आमच्यात सगळ्यात कच्चं. पण बाईसाहेबांनी वाक्य घेतलंच नाही. म्हणाली, मी कुठे पडले? मी तर चालत गेले. आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, की मला गाणी ऐकायची होती म्हणून गेले, डोन्या सेपांना काळजीत टाकलं त्याबद्दल माफ करा. आम्ही तिला वेड्यात काढलं.

मिस पालमारेसनी म्हणे चारही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. तीन मुली टोळक्यात पडल्या. चौथी पडली नाही. मग टोळकं कोण? उरली ती! सल्वेचं नाव यादीतून गेलं, आणि नाव गेलं की वेतनही थांबतं. नऊ तारखेला तिचे वडील तिला न्यायला येणार आहेत.

ती ट्रंक भरतेय. माझ्या कॉटपासून दोन हातांवर. माझा कंगवा तिच्याकडे होता तो धुऊन माझ्या उशीवर ठेवला. मी ऑफिसात तोंडातून ब्र काढला नाही. मला विचारलंच नाही कुणी, मग मी काय सांगायचं? नाव तर मी कुणाचंच घेतलं नव्हतं, तू सांगितलंस तसं. बरोबर ना?

लगेच लिही. नेहमीसारखं बोललीस तरी चालेल.

नोएमी

---

मियागाओ
२९ ऑक्टोबर १९६८

चि. नोएमीस सगळे आशीर्वाद, राखून ठेवलेले धरून. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. लाल पेन्सिल हातात होती, वापरली नाही.

मला एक सांग. तिसऱ्या बक्षिसाची कोंबडी कुणाची? आमच्यातल्या एकीला, असं तू लिहिलंस. आपल्या अख्ख्या कुळात वाऱ्यावर ऐकू जाईल असं गाणारी एकच कार्टी आहे. स्पर्धेत तुलाच गायचं होतं. होडीचे पैसे तूच जमवलेस, सल्वेलाही तूच ओढलंस. होय ना? मग इंदाय, माझ्या पोरी, ते टोळकं म्हणजे तू. पडल्या असतील तर त्या तिघी पडल्या, तुझ्यात.

आता माझं ऐक, आणि हे आईलाही सांगू नकोस. ते वाक्य माझ्या पेनातून इतकं सरळ कसं उतरलं, हे तू विचारलं नाहीस. मी ते आधी एकदा लिहिलंय म्हणून. एकोणीसशे तेवीस साली, त्याच गावात, असल्याच एका कॉलेजात. संगीत नाटक बघायचं वेड मला होतं, आणि पासिंगला हाताला धरून मी नेलं. पासिंग म्हणजे आपल्या चर्चपुढची, नारळाच्या पानात चिकट भात वळून विकते ती. तू लहानपणी तिच्या टोपलीत हात घालायचीस. ती वर्गात माझ्यापुढे होती, गणितात तर फारच पुढे. पकडलो गेल्यावर मी ते वाक्य लिहिलं. नाव घेतलं नाही. दोघीच तर होतो, घ्यायची गरज काय होती? तिला घरी धाडलं. मी मास्तरीण झाले.

पंचेचाळीस वर्षं मी रोज सकाळी तिच्याकडून दोन पुड्या घेते आणि ती मला मास्तरीणबाई म्हणते. तिला कळलं की नाही हे मी कधी विचारलं नाही, भीती वाटते म्हणून. आणि एवढं होऊन तेच वाक्य मी तुला भारी म्हणून दिलं. लाज वाटते गं मला.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. सांगायचा अधिकार मला उरलेला नाही. नऊ तारीख शनिवारी येते, एवढं मात्र कॅलेंडरात बघून ठेवलंय.

या शुक्रवारी सर्व संतांचा दिवस, थडग्यांवर मेणबत्त्या लावायचा. आपल्या आणि पासिंगच्या घराण्याची थडगी शेजारी शेजारी आहेत. तिथे बोलेन म्हणते.

तुझी लोला

---

इलोइलो
६ नोव्हेंबर १९६८

ती. लोलास,

तुझा हात माझ्या कपाळाला, जरा जास्त वेळ. वि. वि.

कोंबडी माझी होती. डोन्या सेपाने तिचा रस्सा केला आणि तोही मी दोनदा वाढून घेतला.

सोमवारी गेले. ऑफिसच्या बाकावर तासभर बसून दोनदा उठले, दोनदा परत बसले. आत गेल्यावर मिस पालमारेसना दिलेलं पत्र सोबत आहे. त्याची नक्कल मी मुद्दाम तुझ्यासाठी केली. ते कुणाकडून उतरवलेलं नाही, चुका माझ्या आहेत. त्यात लिहिलंय की जायची कल्पना माझी, होडीचे पैसे मी जमवले, सल्वे नको म्हणत होती तर तिला भित्री म्हणून चिडवलं ते मीच, आणि पहिल्या पत्रातलं ते टोळकं म्हणजे मी.

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या की वीस वर्षांत त्यांच्याकडे या वाक्याची निदान शंभर पत्रं आली असतील, पण टोळकं स्वतःच्या पायांनी ऑफिसात आलं ते पहिल्यांदाच. मला वाटलं आता सोडतात. कसलं काय! यादीतून सल्वेऐवजी माझं नाव गेलं. माझे सराव-पाठ पाच महिने उशिरा, पुढच्या नोव्हेंबरात. म्हणजे बाकीच्या पांढरा गणवेश घालून शाळेत जातील आणि मी खालच्या वर्गाबरोबर बाकावर. हे बाबांना आता कळवावंच लागेल. मीच लिहीन.

सल्वेचं नाव परत लागलं, वेतनही. मी धावत खोलीवर जाऊन सांगितलं. वाटलं गळ्यात पडेल. तिने ट्रंक उघडली, कपडे पुन्हा खुंटीला लावले, आणि मला म्हणाली की दोन आठवडे तू माझ्यासमोर बसून भात खाल्लास. मग दोन दिवस बोललीच नाही. लोला, ते दोन दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. आज सकाळी आपली धुण्याची बादली माझ्यापुढे आदळली आणि म्हणाली की चल गं वाईट संगत, साबण लाव. मी इतकी रडले की पाणी वेगळं घेतलं नसतं तरी चाललं असतं. तेसी आणि फ्लोरीनेही काल आपापली वाक्यं परत घेतली. त्यांना नुसती ताकीद मिळाली.

तू पासिंगशी बोललीस का? काय म्हणाली? लिहायचं विसरू नकोस.

जेवढं उरलंय तेवढं प्रेम पुरेल मला.

तुझी
नोएमी

---

मियागाओ
१२ नोव्हेंबर १९६८

चि. नोएमीस उदंड आशीर्वाद. वि. वि.

तुझं इंग्रजी पत्र परत पाठवतेय. त्यात एकोणीस चुका आहेत. मोजल्या, पण लाल केल्या नाहीत. ते जसं आहे तसंच ट्रंकेच्या तळाशी ठेव. रडू आलं वाचताना. पांढऱ्या गणवेशाचं कापड मी घेऊन ठेवते, पुढच्या नोव्हेंबरात लागेलच.

तू विचारलंस म्हणून सांगते, सर्व संतांच्या दिवशी मी बोलले नाही. मेणबत्त्या लावल्या, तिच्याच काडीने लावल्या, वाऱ्याबद्दल दोन शब्द बोलले आणि घरी आले. नातीला उपदेश करायला ही बाई पुढे, आणि स्वतःची पाळी आली की पळ काढते. मग शुक्रवारी तुझं पत्र आलं. अठरा वर्षांची पोर एका बाकावरून तिसऱ्यांदा उठली, आणि मी बासष्टची अजून बसलेलीच.

रविवारी चर्चमधला मास सुटल्यावर सगळी गर्दी पांगेपर्यंत थांबले आणि तिच्या टोपलीपुढे उभी राहून सांगितलं. सगळं सांगितलं, वाक्यासकट. ती पान वळत होती, हात थांबला नाही. म्हणाली की तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अमेरिकन बाईंनी वाचूनच दाखवलं होतं तिला, आणि कोन्सोलासियोनचं इंग्रजी किती छान असंही वर म्हणाल्या होत्या. मी विचारलं की मग पंचेचाळीस वर्षं मला भात कसा विकलास. तर म्हणते कशी, की संगत म्हणून तू वाईट होतीस, गिऱ्हाईक म्हणून चांगली होतीस.

मी हसले नाही, मला हसता येईना. तेव्हा तिनेच पाट पुढे सरकवला आणि बस म्हणाली. मी म्हटलं लोक बघतील. ती म्हणाली की बघू देत, त्यासाठीच तर सांगतेय. गावासमोर मी तिच्या शेजारी जमिनीवर बसायचं, एवढीच तिची मागणी होती, आणि ती मागायला तिने माझ्या तोंडून ते निघायची वाट बघितली. तर बसले. फादर गेले, गावप्रमुख कप्तानाची बायको गेली, माझे जुने विद्यार्थी गेले. सगळे थबकून बघत होते, मास्तरीणबाई पान वळतायत. मला पान वळता येत नाही, भात बाहेर येतो. ती माझ्या प्रत्येक पुडीत चूक काढते आणि सोडून परत वळायला लावते. तुला कल्पना नाही तिला किती मजा येते. दर रविवारी यायचं ठरलंय.

तुझी सगळी हकीकत तिला सांगितली. नाताळात तुम्ही चौघी इकडेच या. पासिंगला तुमच्यातली एकच बघायचीय, ती चालत गेलेली. त्या मुलीला पोट भरेल तेवढा भात फुकट, असा निरोप आहे. तुला मात्र पैसे पडतील, आणि मला तर ती म्हणते दुप्पट.

वाट बघत आहोत, दोघी.

तुझी लोला