माग अलीकडे, चूल पलीकडे

बेळगाव,
१८ ऑक्टोबर १९४५

प्रिय परशराम,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता बाजूला टाकलं असतंस तरी मला राग आला नसता. पण फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. नऊ वर्षं मी तुला एक ओळ लिहिली नाही. मतदारयादीतून तुझं नाव कापलं गेलं, तू माग मोडून आईला, बायाक्काला घेऊन निपाणीला गेलास, आणि मी तुला मोटारीपर्यंत पोचवायलाही आलो नाही. का आलो नाही, ते आज सांगायचं आहे. एकदम सांगायचा धीर होत नाही, म्हणून आधी इकडची हालहवाल लिहितो. मास्तरकीत जन्म गेला, त्यामुळे मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुला ठाऊकच आहे.

इकडे पुन्हा निवडणूक आली आहे. नव्या यादीचे कागद गेल्या आठवड्यात भिंतीवर डकवले. मी चष्मा पुसून वाचत उभा होतो. ओल्या खळीचा वास आला आणि तुझ्या दारात खळ लावून वाळत घातलेलं सूत आठवलं. आपल्या भागाच्या पहिल्याच पानावर अप्पासाहेब कंत्राटदार, त्यांचे तीन भाऊ, दोन मेहुणे, झाडून सगळे हजर. एक मेहुणा दोन वर्षांपूर्वी वारला, तोही आहे. तुझं नाव असणार नाही हे माहीत असूनही मी बोट फिरवत शेवटपर्यंत गेलो. मग बोटाला लागलेली खळ धोतराला पुसली. इतकी किळस मला क्वचितच कशाची आली असेल.

या मतदारसंघाचा जन्म माझ्या डोळ्यांदेखतचा. वीस साली पहिली मोठी यादी झाली तेव्हा घरोघर फिरून नावं लिहायला आम्हा मास्तरांनाच जुंपलं होतं. गल्लीच्या गल्ली पालथी घालावी तेव्हा कुठे मताला लायक अशी चार-दोन घरं निघत. भाडं अमुक हवं, घर असं हवं, आणि बाकीची माणसं म्हणजे जणू भिंतीवरचा चुना! तेव्हा अप्पासाहेब पागोटं घालून उभे राहिले. साहेबांच्या बंगल्यांना खडी पुरवणारा माणूस, तो आमचा प्रतिनिधी झाला. चोवीस साली इथे काँग्रेस भरली तेव्हा तीन दिवस त्यांनी खादी अंगावर घातली आणि चौथ्या दिवशी धोब्याला दिली. तीस साली भली माणसं तुरुंगात होती, मत द्यायचंच नाही म्हणून लोक घरात बसले होते, तेव्हा हे काळी टोपी घालून बिनविरोध आत गेले. छत्तीस साली पांढरी टोपी आली. पण ती कुठल्या पक्षाची नव्हती, त्यांची स्वतःची होती, धुतलेली. मतदार बैलगाड्यांत भरून आणायचे, जिलेबी खाऊ घालायची, यल्लम्माचा भंडारा तळहातावर ठेवून शपथ घालायची आणि मग सोडायचं. ज्या हातावर शपथेचा भंडारा, त्याच हाताची बोटं जिलेबीच्या पाकानं चिकट. मी ते मतदानाच्या टेबलामागे बसून पाहिलं आहे. देवीचं नाव घेताना एकाचीही जीभ अडखळली नाही.

आणि या सगळ्याला लागूनच आपलं शहापूर. गल्ली तीच, पाणी भरायची विहीर तीच, पण हद्दीच्या दगडापलीकडे सांगलीकरांचं संस्थान. शेकडो माग खडखडत होते आणि मत एकालाही नव्हतं. अपवाद फक्त तुझा, कारण तुझं घर त्या दगडावरच बांधलेलं. माग मांडलेला पुढचा सोपा बेळगावात, मागचं स्वयंपाकघर शहापुरात. तुझे आजोबा म्हणे दगड हलवायला तयार नव्हते आणि भिंतही. वीस साली मी यादी घेऊन आलो तेव्हा नियम असा, की माणूस राहतो कुठे ते लिहायचं. तू मागावर बसला होतास, कमरेपर्यंत खड्ड्यात, हातात धोटा. मी वर उभा राहून विचारलं, आणि तू मान वर न करता म्हणालास, "हितंच की रं. आणि कुठं ऱ्हानार?" मी तसंच लिहिलं. विणकराचं घर मागाच्या खड्ड्यात असतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. काकतीहून शाळेसाठी बेळगावात आलेला मी, तुझ्याच घरी जेवून मोठा झालो. पुंडीची भाजी आणि भाकरी घेऊन बायाक्का वाट पाहायची. आलेल्या माणसाला सोप्यावर बसवणं तिला जमायचंच नाही. जकातीचा शिपाई असो की जोगतीण, "आत ये" म्हणून थेट चुलीपाशी नेऊन पाट मांडायची.

छत्तीस साली तू उभं राहायचं ठरवलंस, तेव्हा मी गुंजीच्या शाळेवर होतो. तिथल्या स्टेशनवर मला मष्णू भेटला. तो तुमच्याच गल्लीतला, साड्यांचं गाठोडं घेऊन निघालेला. म्हणाला, "मास्तर, आमाला मत न्हाय, पर मानूस आमचा हुबा ऱ्हातोय. लई झालं." शहापूर-वडगावच्या विणकरांत यादीत नाव असलेला तू एकटा, आणि यादीत नाव असल्याशिवाय उभं राहता येत नाही. म्हणजे त्या सगळ्या मागांच्या वतीनं बोलू शकणारं एकच तोंड, तेही एका भिंतीच्या कृपेनं. बाजारातले हमाल, खासबागेतले भाडेकरू, सगळे तुझ्या बाजूनं बोलायला लागले होते. अप्पासाहेबांना पंधरा वर्षांत पहिल्यांदा घाम फुटला. मग त्यांच्या मुनीमानं हरकतीचा अर्ज टाकला, की परशरामाची चूल संस्थानात आहे, तो तिथे जेवतो, तिथे निजतो, सबब नाव कापावं.

चौकशीच्या दिवशी तू चिकोडीच्या बाजाराला गेला होतास. दिवस मुद्दाम तसाच निवडला होता. जुनी यादी मी लिहिलेली म्हणून मला गुंजीहून बोलावून घेतलं. अंमलदार हद्दीच्या दगडाशी छत्री उघडून खुर्चीवर बसले. पलीकडे त्यांचा अंमल चालत नव्हता, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची सोय नाही. म्हणून ते म्हणाले, मास्तर, तुम्ही घरचे आहात, आत जाऊन म्हातारीचा जबाब लिहून आणा. मी आत गेलो. पुढचं तुला तोंडपाठ आहे. सोप्यात मी रेंगाळलो तशी बायाक्का म्हणाली, "तितं का हुबा? तितं नुसता माग हाय. घर आत हाय, ये." ती मला जेवायला बोलावत होती, परशा. आणि मी तेच जबाब म्हणून लिहिलं. बाहेर येऊन पक्की प्रत केली आणि अंगठ्यासाठी तिला दारात बोलावलं. मी वाचून दाखवायला लागलो तर म्हणाली, "तूच लिवलायस न्हवं? मग वाचतोस कशाला?" आणि अंगठा उठवला. मुनीम शेजारी उभा राहून पानाला चुना लावत होता. तो माझ्याकडे पाहून जे हसला, ते हसू अजून माझ्या पाठीला चिकटलेलं आहे.

नाव कापल्याचा हुकूम आणि जबाबाची नक्कल तुझ्या हातात पडली. आईचे शब्द, खाली आईचा अंगठा. तुझ्या तोंडानं माझं घर गेलं, असं तू तिला म्हणालास, ते मला गल्लीतूनच कळलं. दोन दिवसांत तू माग सोडवलास आणि तो खड्डा मातीनं भरून टाकलास. त्या आठवड्यात मला बेळगावच्या शाळेवर बदलीचा हुकूम आला. गुंजीला माझ्या बायकोला हिवतापानं धरलं होतं, हे अप्पासाहेबांना ठाऊक होतं, आणि बदल्यांच्या कागदांवर त्यांचा शब्द चालत असे. त्यांनी मला लाच दिली नाही, धमकीही दिली नाही. चौकशीच्या आधी एकदा घरी बोलावून कॉफी पाजली आणि म्हणाले, वहिनींची तब्येत कशी आहे? बस्स. एवढ्यावर मी विकला गेलो. मला माझी किळस येते ती स्वस्तात गेलो म्हणून नाही. कोणी किंमत विचारायच्या आधीच मी गेलो होतो म्हणून येते. आणि वर नऊ वर्षं मनाशी घोकत बसलो, की मी एकही खोटा शब्द लिहिला नाही. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगताना खडू हातात घट्ट धरून ठेवायचो.

अप्पासाहेब निवडून आले हे सांगायला नको. सत्काराला आम्हा मास्तरांनी मुलांच्या रांगा लावल्या. पुढे मी निवृत्त झालो, बायको बरी होऊन पाच वर्षं जगली. गेल्या महिन्यात अप्पासाहेबांचा माणूस पुन्हा माझ्या दारात. यादी तपासायला अनुभवी माणूस हवाय म्हणे! मी दार लावून घेतलं. एवढं शौर्य मला पंचावन्नाव्या वर्षी साधलं.

परवा रविवारपेठेत भरमू भेटला, निपाणीतला तुमच्या शेजारचा, तंबाखूची गाडी घेऊन आलेला. मी बायाक्काची चौकशी केली. तो म्हणाला, "म्हातारी हाय की. पर बोलत न्हाय. दारात कोन आलं तर तोंडाला पदर लावून भिताडाकडं बघत बसती." आणि म्हणाला, तिच्या दारात पाणी मागितलं तर पाणी देते, पण आत ये म्हणत नाही. नऊ वर्षांत कोणालाच म्हणाली नाही. का, ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. भर बाजारात मी एका पोत्यावर खाली बसलो.

म्हणून हे पत्र. सोबत पिवळा पडलेला एक कागद आहे, तो नीट उघड, घडीवर फाटतोय. चौकशीच्या दिवशी आत बसून मी पेन्सिलीनं लिहिलेला तो कच्चा जबाब. अक्षर माझंच. पहिली ओळ तुला माहीत आहे. पण पाटावर बसल्यावर मी तिला रीतसर विचारलं होतं, परशरामाचं घर कोणतं, आणि तिनं रीतसर उत्तर दिलं होतं. ती दुसरी ओळ मी पक्क्या प्रतीत उतरवली नाही. दगडाशी उभं राहून, मुनीमासमोर, ती गाळली. तिच्या तोंडानं तुझं घर गेलं नाही, माझ्या हातानं गेलं. तुझं नाव आता परत येणार नाही, तो खड्डाही बुजला. पण हा कागद तिच्यापाशी बसून मोठ्यानं वाच. तिला आता कमी ऐकू येतं म्हणे, दोनदा वाच. मला काय म्हणायचं ते मग म्हण. तिनं सांगितलं होतं ते असं: "माज्या पोराचं घर इचारतोस व्हय? दिस उगवल्यापास्नं मावळंस्तवर त्येचं पाय त्या खड्ड्यात असत्यात. माग हाय तितंच त्येचं घर. आत आमी नुसतं शिजवतो, तुज्यासारकं कोन आलं तर त्येला वाढाया."

कधी काळी तुझाच असलेला,
मारुती