उजेडाला घातलेली शीळ

कारासयोक, दुपारचे चार, मिट्ट काळोख

आंतेदादा,

सकाळी तुझा फोन आला, "सूर्यावरून वादळ निघालंय. आज ध्रुवप्रकाशानं आकाश पेटणार बघ. पोरीला बाहेर काढ, भित्रे!" अंदाज वर्तवणं तुझी नोकरीच. मी मात्र खिडक्यांना घोंगड्या टांगल्या.

शीळ ऐकली की तो उजेड खाली येऊन माणूस नेतो, हे आपण दोघं ऐकतच वाढलो. बाबा रेनडियरच्या कळपाकडून परतले नाहीत, त्या दिवशी शीळ मी घातली होती. तू म्हणतोस, तळ्यावरचा बर्फ पातळ होता. असेलही.

आत्ता माझी रिस्तेन अंगणात पळाली आणि तिनं शीळ घातली. "आई, खाली येतोय गं!"

तिला आत कोंडलंय. मागच्या वेळी शीळ माझी होती आणि त्यानं चुकून बाबांना नेलं, दादा. आता चुकू नये म्हणून मी बाहेर जातेय, तिच्याहून मोठ्यानं शीळ घालायला.

तुझी बिरेत