चाळीस वर्षं कोरडी

३ मार्च
आलो एकदाचे नव्या घरात. ऐसपैस हॉल, दोन मोठ्या खिडक्या आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी जमीन, मधाच्या रंगाची. बायको हरखून गेली आहे. मीही खूश होतो, तेवढ्यात सुतार टपकला. जुन्या मालकाने त्याला आम्हाला शिकवायला पाठवलं होतं. खुर्च्यांच्या पायांखाली लोकरी चकत्या लावा, मोजे घालून वावरा, फडकं कोरडं मारा आणि तेही लाकडाच्या रेषेच्या दिशेने. पाण्याचा थेंब पडता कामा नये. चाळीस वर्षांत पडलेला नाही म्हणे. लेकीची पाठवणी करावी तसा फळ्यांवरून हात फिरवत होता. चहा पाजून कटवला.

६ मार्च
बायको रोज गुडघ्यांवर बसून फळी न् फळी पुसते. घरात राहायला आली आहे की जमिनीच्या चाकरीला, कळत नाही.

८ मार्च
ती बाजारात गेल्यावर बादलीभर पाणी सरळ ओतलं. पुसायचे कष्टही पडले नाहीत. फडकं टेकवायच्या आत जमीन कोरडी ठणठणीत. एवढी तहान, आणि म्हणे थेंब नको! सुताराच्या अकलेची कीव आली.

१० मार्च
फळ्यांच्या कडा फुगून वर आल्या. एका कडेवर बायकोची टाच फाटली. कापूस आणेपर्यंत सांडलेलं रक्त नाहीसं. ना डाग, ना ओल. कडा तासायला सुताराला बोलावलं, तर तो दारातच थांबला. कोरडी ठेवली होती म्हणून गप्प होती, आता तिला चव लागली, आजच बाहेर पडा, म्हणाला. मांत्रिक व्हायचं होतं तर रंधा कशाला धरला बाबाने? बायको आईकडे जाऊ म्हणतेय. एका सुताराच्या बडबडीवर? मुळीच नाही.

१२ मार्च
पट्टी सोडली. जखम उघडी, पट्टी पांढरीशुभ्र. बायकोच्या ओठांना रंग नाही. डॉक्टर विचारतात, एवढं रक्त गेलं कुठे?
सामानाचा टेम्पो उद्या मिळेल. उद्या निघू. सामान टाकून कसं—

१३ मार्च, सकाळ
तिची टाच फळीला चिकटली आहे. चिकटली नाही, धरली आहे. मी ओढून पाहिलं.
"ओढू नकोस," ती म्हणाली. "तू ओढलंस की ती जास्त ओढते."
सुतार निघालाय. तोवर—

साडेदहा
दोन बादल्या ओतल्या. पाणी तसंच साचून. आता पाण्याला नाक मुरडते.
तिचे डोळे मिटताहेत. आणि मी रोजनिशी लिहितोय, अक्कलशून्य—

ब्लेडने डावा तळहात कापला. जमिनीवर टेकवला. फळ्या करकरत माझ्याकडे— टाच सुटली! ती सरपटतेय, दाराकडे.

हात निघत नाही. पी, भिकारडे, पी.
ती पोचली. उंबरठ्यावर. सुटली—

परत का— अगं, माझा हात सोडवायला येतेय. रक्ताने ओल्या टाचेने. मूर्ख बाई— नको, जा, मागे हो, मी सांगतो ते एकदा तरी—