सुभेदारांचं पथ्य

१२ जुलै १९७५
मानसिंगदादांचं तेरावं उरकलं. पाहुणे गेले. घर रिकामं वाटतं.
दादा माझ्याहून थोडेच मोठे. आतड्याचा कॅन्सर. शेवटी शेवटी मिरजेच्या दवाखान्यात नुसता सांगाडा राहिला होता. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते विसरायच्या आत लिहितो. पहिलं असं, की सख्ख्या भावाला झाला म्हणजे तुम्हालाही धोका जास्त, पन्नाशी उलटलीय, एकदा तपासून घ्या. दुसरं असं, की खाणं सुधारा. मटण, तळण, दारू, बिडी कमी करा. भाकरी, उसळ, पालेभाजी वाढवा. कोंड्यानं आणि चोथ्यानं आतडं साफ राहतं असं हल्ली बाहेरचे डॉक्टर म्हणतात. त्यानं धोका कमी होतो, जात नाही, असंही म्हणाले.
तपासणी कशी असते ते तिथल्या वॉर्डबॉयला विचारलं. त्यानं बोट वर करून दाखवलं, वर म्हणाला, रबरी मोजा घालत्यात, काय भ्यायचं काम न्हाई.
मी सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस. दोन लढाया पाहिल्या. हे जमणार नाही.
तेव्हा पहिल्या मुद्द्याची जरुरी नाही. दुसरा असा पाळायचा की पहिला लागूच नये.

१३ जुलै, सकाळी ६
बायकोला, चंद्राला, समोर बसवून ऑर्डर दिली. आजपासून गव्हाच्या चपात्या बंद, कराडहून पाव आणणं बंद, मटण बंद. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक.
ती म्हणाली, आवं, मी तर रोज त्येच खाती. तुमच्यापायी येगळं रांधावं लागतंय.
तिला यामागचं सायन्स समजत नाही. पण आज्ञा मान्य.

१५ जुलै
सकाळी तांदुळजा, संध्याकाळी तांदुळजा. भाजी चांगली. बिडी बंद. उत्साह वाटतो. एवढं सोपं होतं, तर दादांनी का केलं नाही?

१८ जुलै
बिडी एकदम बंद केली तर पोट साफ होत नाही. जेवणानंतर एक ठेवली आहे. औषध म्हणून.

२३ जुलै
बेंदूर, बैलांचा सण. दादांमुळे आमच्याकडे सण नाही. केरबाच्या घरून पुरणपोळ्या आल्या. केरबा माझ्या पलटणीतला, आता शेजारी. आलेलं ताट परत पाठवणं बरं दिसत नाही. शिवाय हरभऱ्याची डाळ कडधान्यात मोडते. मैदा होता, पण वरून पातळ.

४ ऑगस्ट
आखाड संपत आला. केरबानं बकरं कापलं आणि आमचा वाटा धाडला. मी चंद्राला म्हणालो, परत पाठव. ती खरंच निघाली. तेव्हा थांबवलं. फक्त रस्सा घेतला. रश्शात कांदा, लसूण, कोथिंबीर, खोबरं, सगळा भाजीपालाच. फोडी तळाशी असतात, त्या आपोआप येतात.
नंतर केरबानं कँटीनची रम काढली. मी नको म्हणालो. केरबा म्हणाला, रम कशाची गड्या? उसाची. ऊस म्हंजे गवतच की रं.
मी ग्लास पुढे केला.

५ ऑगस्ट
सकाळी परसाकडं गेल्यावर रक्त दिसलं. कालच्या तिखटाचा परिणाम. मूळव्याध असणार. पलटणीत निम्म्या लोकांना असायची, कोणी बोलत नसे.
चंद्रानं धुण्याचा विषय काढला. म्हणाली, आवं, लेंग्याला लाल डाग हाय, एकदा मिरजंला जाऊन येऊ. मी आवाज चढवला. नंतर वाईट वाटलं. पण घरात डिसिप्लिन पाहिजे.

२० ऑगस्ट
श्रावण. गावात कुणाकडेच मटण नाही. माझं पथ्य आता शंभर टक्के. मनावर ताबा असला की सगळं जमतं.
रक्त चालू आहे. वैद्याकडून चूर्ण आणलं. त्यानं तपासायचा आग्रह धरला नाही. समजूतदार माणूस.
पोट दोन दिवस गच्च, मग दोन दिवस सैल. चोथा आपलं काम करतो आहे.

६ सप्टेंबर
आनंदाची बातमी. पट्टा ढिला झाला. दाभणानं नवं भोक पाडलं. पोट गेलं, जवान असताना होतं तसं.
कराडला बाजारासाठी गेलो होतो, स्टेशनवरच्या काट्यावर वजन केलं. चांगलंच उतरलं आहे. तिकिटाच्या मागे भविष्य छापलेलं, आपल्या प्रयत्नांस लवकरच यश येईल. तिकीट चंद्राला दाखवलं. तिनं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही जेवताय तर सगळं, मग उतरतंय कसं?
पथ्यानं, असं मी सांगितलं. तिनं तिकीट परत दिलं.

१३ सप्टेंबर
गणपतीच्या मांडवात माझं भाषण झालं. विषय, आहार आणि आरोग्य. गर्दी बरी. मी सांगितलं, मी स्वतः उदाहरण आहे, भावाच्या मरणातून धडा घेतला, खाणं बदललं, बघा तब्येत. टाळ्या पडल्या. मग पोटात कळ आली आणि मांडवामागे जावं लागलं. परत येऊन पालेभाजीच्या मुद्द्यावर पोहोचतो तोच पुन्हा जावं लागलं. दुसऱ्यांदा आलो तेव्हा केरबा माईकवर होता. दूध पिऊन अंगात ताकद कशी येते ते सांगत होता. लोक हसत होते. मला बसायला जागा दिली. उभं राहवत नव्हतं, म्हणून बसलो.
नंतर दगडाबाई सरपंचीण म्हणाल्या, सुभेदार, लय वाळलासा. मी म्हणालो, वाळलो नाही, हलका झालो.

२ ऑक्टोबर
उसाच्या बांधावर चक्कर आली. ऊन फार आहे. केरबानं घरी आणलं. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाला, पांढरी फटक हाय रं. त्याला काय कळतं? तो पलटणीत खेचरं सांभाळायचा.
ठरवलं, पथ्य आणखी कडक. मेथी रोज. ताकद येईल.

१६ ऑक्टोबर
भुईमूग निघाला. लीलावहिनी, म्हणजे दादांची बायको, शेंगा तोडायला आल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच आमच्या सोप्यात बसल्या. मी पोतं उचलायला वाकलो. पट्टा पुन्हा सैल झालेला, म्हणून ओढून परवा पाडलेल्या दुसऱ्या भोकात अडकवला. वहिनींचा हात शेंगांवर तसाच थांबला.
म्हणाल्या, भावजी, ह्यांनी बी पट्ट्याला असंच भोक पाडलं हुतं. मग दुसरं पाडलं. मी बी म्हणलं, बरं झालं, पोट उतरलं.
मी समजावलं. दादा पथ्य पाळत नव्हते, मी पाळतो. दोन्ही केस वेगळ्या आहेत. वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, परसाकडंला रगात जातंय का?
पुरुषाला विचारायचा हा प्रश्न आहे का? मी उठून गोठ्यात गेलो. म्हशीला वैरण होती, तरी पुन्हा टाकली.
आत चंद्रा आणि वहिनी बोलत होत्या. मी आल्यावर शेंगा तोडायला लागल्या.

१७ ऑक्टोबर
चंद्रानं आज भाकरी वाढली, मेथी वाढली, आणि समोर बसून राहिली. मला खाववेना. म्हणालो, मीठ जास्त पडलं. तिनं चव घेऊन पाहिली. म्हणाली, न्हाई पडलं.

१८ ऑक्टोबर
मी जायचं ठरवलं, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे चंद्रानं पिशवी भरली, वहिनींना बोलावलं, केरबाला गाडी जुंपायला सांगितली आणि मला म्हणाली, सदरा घाला. मी घातला.

२० ऑक्टोबर, मिरज
दवाखाना तोच. डॉक्टर तेच. त्यांनी मला ओळखलं. वजन विचारलं नाही, डोळे पाहिले आणि आत नेलं.
तपासणी झाली. जुलैपासून ज्याला भीत होतो, ते मिनिटभरात संपलं. लेंग्याची नाडी बांधायला त्याहून जास्त वेळ लागला.
डॉक्टर म्हणाले, बोटाला गाठ लागते आहे. तुकडा काढून बघू, पण मला फारशी शंका नाही.
मी सांगितलं, साहेब, मी तुमचं पथ्य पाळलं. भाकरी, पालेभाजी, सगळं. तेव्हा ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. म्हणाले, चांगलं केलंत सुभेदार, सगळ्यांनीच खावं असं. पण ही गाठ जुलैच्या आधीची असणार, ही वाढायला वर्षं लागतात. चांगल्या खाण्यानं गाठ व्हायचा धोका कमी होतो, झालेली गाठ जात नाही. म्हणून तपासायला सांगितलं होतं.
मग विचारलं, रक्त कधीपासून?
मी म्हणालो, आठवडा झाला असेल.
चंद्रा दाराशी उभी होती. खाली बघून म्हणाली, न्हाई डाक्टर, बेंदराच्या आधीपासनं.
म्हणजे मला दिसायच्या आधी तिनं धुतलं होतं. त्यानंतर डॉक्टर सगळं तिलाच सांगत होते. मी मधे दोनदा बोललो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तिच्याकडे वळले.

२७ ऑक्टोबर
तुकड्याचा रिपोर्ट आला. तेच आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. वहिनी बाहेर बाकावर बसल्या आहेत, दादांच्या वेळी बसायच्या त्याच बाकावर. त्यांना म्हणालो, वहिनी, तुम्ही घरी जा. त्या म्हणाल्या, जाती की. आणि बसून राहिल्या.

२१ नोव्हेंबर
पुष्कळ दिवसांनी पेन धरतो आहे. गाठ काढली. शौचासाठी पोटावर भोक केलं आहे, त्यावर पिशवी बांधतात. ती आता कायमची. सगळी मुळं निघाली का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, दिसलं तेवढं काढलं, आता वाट बघायची. किती, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
पिशवी चंद्रा बदलते. पहिल्या दिवशी मी तोंड भिंतीकडे केलं. ती म्हणाली, इकडं बघा, शिकून घ्यावं लागंल. अजून शिकलो नाही.
केरबा भेटायला आला. गावात माझ्या भाषणाची आठवण काढतात म्हणाला. कुठल्या भागाची, ते मी विचारलं नाही. त्यालाही बोट घालून तपासून घे असं सांगितलं. तो हसला. म्हणाला, मला काय झालंय रं? आणि खिशातली बिडी चाचपत बाहेर गेला. त्याला हाक मारली, पण आवाज पोचला नाही.
दुपारी चंद्रानं ताट आणलं. त्यात काय होतं ते पाहिलं नाही. तिनं दिलं ते खाल्लं.